गिअर मागता तुम्ही, देतो टीसीएम: ऑटोमॅटिक गाडीच्या मॅन्युअल मोडमधला बिघाड कसा शोधावा

मॅन्युअल मोड चालत नाही म्हणून कुणी थेट गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करू लागला, तर त्याला आधी एकच विचारा: लिव्हर हलवल्याची खबर टीसीएमपर्यंत पोचते का, हे पाहिलंत? टीसीएम म्हणजे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. ऑटोमॅटिक गाडीतला अधिक-वजाचा लिव्हर किंवा स्टिअरिंगमागची पॅडल स्वतः गिअर बदलत नाहीत, ती नुसता अर्ज करतात. अर्ज मंजूर करायचा की फेटाळायचा ते टीसीएम ठरवतो आणि मंजूर केला तर पुढे सोलेनॉइडना, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या-मिटणाऱ्या व्हॉल्व्हना, हुकूम सोडतो. म्हणून शोधाची पहिली पायरी ठरलेली आहे. अर्ज पोचलाच नाही, की पोचून फेटाळला गेला? पोचलाच नसेल तर दोष बहुधा एखाद्या स्विचमध्ये, सॉकेटमध्ये नाहीतर वायरमध्ये सापडतो. त्यासाठी गिअरबॉक्सच्या एकाही बोल्टला पाना लावायची गरज नसते.

गोव्यात हा बिघाड तसा अपेक्षितच. समुद्राची खारी हवा, जून ते सप्टेंबरचा पाऊस, बाराही महिने चालणारा एसी आणि किनाऱ्यावरून पायाबरोबर गाडीत येणारी रेती, हे चौघे मिळून तांब्याच्या बारीक पिनांची वाट लावतात. त्यात घाट जवळ. साखळीहून केरीमार्गे चोर्ला, मोलेहून अनमोड, काणकोणच्या वाटेवरचा करमल, यातला कुठलाही घाट भरलेल्या गाडीने उतरायचा तर इंजिनाचा ब्रेक हवाच आणि तो मिळतो खालच्या गिअरमधून. म्हणजे मॅन्युअल मोड रुसल्याचं कळतं ते नेमकं नको त्या ठिकाणी.

आधी बॉक्स ओळखा

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आपल्याकडे चार वेगळी यंत्रं विकली जातात आणि चौघांत मॅन्युअल मोडचा अर्थ वेगळा.

टॉर्क कन्व्हर्टरच्या, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून पुढे देणाऱ्या बॉक्समध्ये खरे गिअर असतात. पी-आर-एन-डी (पार्क, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह) यांच्यासाठी लिव्हरपासून बॉक्सपर्यंत बहुधा केबल जाते. अधिक-वजा मात्र पूर्ण इलेक्ट्रिकल. सीव्हीटीत गिअरच नसतात. पट्टा आणि पुल्या यांचं गुणोत्तर ठरावीक पायऱ्यांवर थांबवून गिअरचा आभास केला जातो. होंडा सिटीच्या सीव्हीटीला पॅडलवर सात पायऱ्या दिल्या आहेत, त्या अशाच. डीसीटी किंवा डीएसजीत दोन क्लच आणि खरे गिअर असतात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्स, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम ॲक्च्युएटर नावाचा यांत्रिक हात करतो. एएमटीच्या लिव्हरला बॉक्सकडे जाणारी केबल नसते. मारुतीच्या बहुतेक एएमटींत ‘पी’ही नसतो आणि टाटा टियागोच्या एएमटीत ‘डी’च्या जागी ‘ए’ लिहिलेलं असतं. म्हणून केबलचं पुढचं प्रकरण एएमटीवाल्यांनी सोडून द्यावं.

आणखी एक घोळ इथेच मिटवून टाका. काही गाड्यांत लिव्हर ‘एस’वर असताना दिसणारा आकडा म्हणजे चालू गिअर नसून वरची मर्यादा असते. ‘एस ४’ दिसलं तर गाडी पहिल्यापासून चौथ्यापर्यंत कुठेही असू शकते. अशा गाडीत ‘चार दाखवते पण तिसऱ्यात चालते’ ही तक्रारच होऊ शकत नाही. पुढे ढकलल्यावर अधिक की वजा, हेही कंपनीगणिक बदलतं. बीएमडब्ल्यूत मागे ओढलं की गिअर चढतो. भाड्याची किंवा दुसऱ्याची गाडी हाताळताना लिव्हरशेजारचं चिन्ह बघा. उलटी सवय लागलेला माणूस चांगल्या गाडीला आजारी ठरवतो.

फेटाळलेला अर्ज

टीसीएम नकार देतो तेव्हा त्याच्याकडे कारण असतं. आयसिनच्या सहा गिअरच्या टीएफ-६०एसएन बॉक्सचं उदाहरण घ्या. त्यात दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.३७० आणि सहाव्याचं ०.६८६. समजा १०० किमी वेगाला सहाव्यात इंजिन २००० आरपीएमवर फिरतंय. त्याच वेगाला दुसरा गिअर पडला तर इंजिनाला सुमारे ६९०० वर जावं लागेल. कुठलंही डिझेल तिथे टिकणार नाही. म्हणून टीसीएम गिअर देत नाही. एखादी गाडी तेव्हा बीप करते, एखादी आकडा लुकलुकवते, एखादी गप्प बसते. याउलट २५ च्या वेगाला पाचवा मागितला तरी नकारच येतो. गाडी थांबत आली की आकडा आपोआप एकवर येतो आणि लाल रेषेजवळ काही गाड्या स्वतःहून गिअर चढवतात. यातलं काहीच दुरुस्त करायचं नसतं.

नकाराचं दुसरं कारण उष्णता. बॉक्सचं तेल नेहमीच्या चालण्यात साधारण ८० ते १०० अंशांच्या आसपास असतं. भरली गाडी मे महिन्यात चोर्ला चढवली की ते १२० च्या पुढे जाऊ शकतं आणि टीसीएम स्वतःच्या बचावाचं वेळापत्रक लावतो. गाडी निवल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने मोड पुन्हा चालू लागला, तर स्विचच्या मागे लागू नका. तेलाची पातळी, तेलाचा रंग आणि कूलरच्या जाळीत अडकलेला तांबडा चिखल बघा.

तिसरं कारण लिंप मोड. कुठलाही मोठा दोष दिसला की टीसीएम एकच गिअर धरून बसतो आणि अधिक-वजाचे सगळे अर्ज केराच्या टोपलीत टाकतो. चाकाच्या वेगाच्या सेन्सरमधला दोषसुद्धा काही गाड्यांत मॅन्युअल मोड बंद पाडतो. चेक इंजिन, एबीएस किंवा गिअरचा दिवा पेटलेला असेल तर आधी त्या दिव्याचं कारण शोधा, लिव्हरचं नंतर.

काहीही न उघडता दहा मिनिटं

गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड किंवा उटी. चावी ऑन करा, इंजिन सुरू करा, ब्रेकवर पाय घट्ट ठेवा आणि लिव्हर ‘डी’वरून बाजूला सरकवा. डॅशबोर्डवर ‘एम’ किंवा ‘१’ उमटलं का?

उमटलंच नाही, तर संशय मॅन्युअल मोडच्या स्विचवर. लिव्हर बाजूच्या गल्लीत आल्याचं सांगणारा हा वेगळा स्विच असतो. ‘एम’ उमटलं पण अधिक आणि वजा दोन्ही मेलेले, तर त्या दोघांची सामायिक वायर बघा. बहुतेक वेळा ती अर्थिंगची असते. फक्त अधिक किंवा फक्त वजा मेलेला असेल तर सामायिक वायर ठीक आहे हे आपोआप सिद्ध झालं. आता तो एक स्विच आणि त्याची एक वायर एवढंच उरलं.

गाडीला लिव्हर आणि पॅडल दोन्ही असतील तर नशीब समजा, कारण सगळ्यात मोठा निवाडा फुकटात होतो. लिव्हरने गिअर बदलतात पण पॅडलने नाही, तर टीसीएम आणि बॉक्स निर्दोष. दोष स्टिअरिंगमध्ये. पॅडलने होतं पण लिव्हरने नाही, तर दोष कन्सोलखाली. दोघांनीही नाही, पण ‘एम’ दिसतंय, तर वरची नकाराची कारणं आणि टीसीएमपर्यंतचं नेटवर्क तपासायचं.

पॅडलसाठी आणखी एक चाचणी आहे आणि ती फार कमी लोक करतात. गाडी मोकळ्या मैदानात हळू चालवा. स्टिअरिंग सरळ असताना पॅडल दाबा, मग पूर्ण डावीकडे वळवून दाबा, मग पूर्ण उजवीकडे. सरळ असताना चालतं आणि टोकाला जाऊन मरतं, तर स्टिअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग तुटत आली आहे. ही क्लॉक स्प्रिंग म्हणजे घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली चपटी केबल. हॉर्न, एअरबॅग, क्रूझ आणि गाण्याची बटणं सगळी हिच्यातूनच जातात. म्हणून हॉर्नही मध्येच गप्प होतो का ते विचारा. एअरबॅगचा दिवाही पेटला असेल तर संशय आणखी पक्का.

हे करताना पॅडलच्या मागे बोट घालून बघा. बाजारातलं जाड स्टिअरिंग कव्हर पॅडलच्या खाली शिरून ते अर्धवट दाबून धरतं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आढळतो. बऱ्याच गाड्यांत ‘डी’मध्ये असतानाही पॅडल दाबलं की तात्पुरता ‘एम’ येतो. त्यामुळे ‘गाडी आपोआप मॅन्युअलमध्ये जाते’ ही तक्रार कव्हर काढल्यावर मिटू शकते.

आपोआप गिअर बदलण्याचं दुसरं कारण ओल. पावसात बिघाड, उन्हात ठीक, असं चाललं असेल तर स्विच बदलण्याआधी पाणी कुठून येतं ते शोधा.

स्कॅनर काय सांगतो आणि काय नाही

स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावायचा. स्वस्तातला ईएलएम ३२७ ब्लूटूथवाला रीडर बहुतेक वेळा फक्त इंजिनाचे कोड वाचतो. त्यावर नुसतं पी ०७०० आलं तर त्याचा अर्थ एवढाच की टीसीएमच्या पोटात काहीतरी कोड आहे, जा आणि तिथे वाच. टीसीएम वाचणारा स्कॅनर लागतोच.

आपल्या कामाचे कोड मोजके. पी ०८१५ हे अधिकच्या स्विचच्या सर्किटचं, पी ०८१६ वजाच्या आणि पी ०८२६ दोघांच्या मिळून. पी ०७०५ आणि पी ०७०६ रेंज सेन्सरचे, म्हणजे लिव्हर पी-आर-एन-डीपैकी कुठे आहे हे सांगणाऱ्या स्विचचे. गॅरेजात त्याला इनहिबिटर किंवा न्यूट्रल स्विच म्हणतात. यू ०१०१ आला तर टीसीएमशी संपर्कच तुटलाय. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढून ठेवा. कोड आला तेव्हा वेग किती, तापमान किती, बॅटरीचे व्होल्ट किती, हे त्यात असतं आणि पुसलं की गेलं. दहा-बारा वेगवेगळ्या मॉड्यूलचे कोड एकदम दिसले तर बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ यायला हवेत. मरत आलेली बॅटरी स्टार्टरच्या झटक्यात असले खोटे कोड पेरते.

कोडपेक्षा मोलाचा आहे लाइव्ह डेटा. टीसीएमच्या यादीत मॅन्युअल मोड स्विच, अप स्विच, डाउन स्विच अशा ओळी असतात. चावी ऑन ठेवून लिव्हर हलवा आणि ओळ बघा. ‘ऑफ’चं ‘ऑन’ झालं, म्हणजे अर्ज टीसीएमच्या टेबलावर पोचला. कन्सोल उघडायची गरज संपली. नाही झालं, तर पुढे वाचा. एक सूचना: लिव्हर दहा वेळा दाबून दहाही वेळा ऑन येतो का बघा. दहात दोनदा चुकला तरी तो स्विच गेलाच म्हणायचा, कारण घाटात तुम्ही दहा वेळा दाबणार नाही.

कन्सोल उघडल्यावर

बॅटरीची ऋण तार काढा. लिव्हरची मूठ, भोवतीची चौकट आणि मधला कन्सोल काढा. कन्सोलच्या प्लास्टिकच्या चिमट्या जुन्या गाडीत खटकन तुटतात, म्हणून स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरा. आत पहिलं काम नाकाने आणि डोळ्याने. चिकट तपकिरी डाग दिसतो का? कपहोल्डर लिव्हरच्या शेजारी असल्यामुळे लिंबू सोडा, शहाळ्याचं पाणी, साखरेचा चहा, सगळं शेवटी लिव्हरच्या पायाशी जमा होतं. शहाळ्याच्या पाण्यात साखर आणि क्षार दोन्ही असतात. सुकल्यावर साखर स्विचचा दांडा चिकटवते आणि क्षार संपर्कावर थर धरतात. रेती असेल तर व्हॅक्युमने ओढा. हवेने फुंकू नका, ती आणखी आत जाते.

आता स्विच. लिव्हरच्या बुडाशी दोन तऱ्हा दिसतील. पहिली, नखाएवढे काळे मायक्रोस्विच, प्रत्येकाला एक छोटं दाबायचं बटण. लिव्हर पुढे गेला की त्याचा कान ते बटण दाबतो. लिव्हर अगदी सावकाश ढकला आणि ‘टिक्’ ऐका. टिक् येतच नसेल तर स्विच दोषी असेलच असं नाही. कधी कान झिजलेला असतो, कधी स्विच बसवलेली चौकट सैल होऊन एखाद मिलिमीटर मागे गेलेली असते. बोटाने बटण दाबून बघा. बोटाने टिक् येतो आणि लिव्हरने येत नाही, तर चूक यांत्रिक आहे.

दुसरी तऱ्हा हॉल सेन्सरची. लिव्हरला चुंबक, समोर सर्किटची पाटी, स्पर्श कुठेच नाही. टिक् नाही, घासून साफ करण्यासारखं काही नाही. चुंबक निखळला आहे का आणि त्याला लोखंडाचा कीस चिकटलाय का, एवढंच डोळ्याने बघता येतं. लिव्हरला खेटून मोबाइलचा जबरदस्त चुंबकी होल्डर लावलेला असेल तर तो काढून पुन्हा चाचणी घ्या.

मायक्रोस्विच मल्टिमीटरने असा मोजावा. सॉकेट सुटं करा, मीटर ओहमवर ठेवा. साध्या दोन टोकांच्या स्विचमध्ये बटण सोडलेलं असताना काहीच आकडा यायला नको, दाबल्यावर १ ओहमच्या आत यायला हवं. १५-२० ओहम आले किंवा दाबून धरल्यावरही आकडा नाचत राहिला, तर आतले संपर्क जळाले किंवा मळले आहेत. साफसफाईला तेल नसलेला काँटॅक्ट क्लीनर किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेल, पेट्रोल किंवा गंज सोडवायचा तेलकट स्प्रे नको. तेलावर धूळ बसते आणि काही प्लास्टिकं पेट्रोलने फुटतात. सीलबंद मायक्रोस्विच धुऊन तात्पुरता जगतो, पण महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच. बदलायचा असेल तर जुन्याचा आकार, कान आणि किती दाबल्यावर टिक् होतो ते जुळवूनच घ्या.

काही गाड्यांत अधिक आणि वजा एकाच वायरवर असतात, वेगवेगळ्या रेझिस्टन्सने ओळखले जातात. पॅडलमध्ये ही पद्धत जास्त. तिथे दाबलं-सोडलं एवढं मोजून भागत नाही. सोडलेलं, अधिक आणि वजा असे तीन आकडे गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलशी ताडायचे. खाऱ्या हवेची खरी करामत इथे दिसते. साध्या स्विचला संपर्कावरचे ४०-५० ओहम एखादवेळी चालून जातील. पण रेझिस्टन्सने ओळखणाऱ्या सर्किटला तेवढ्याने बटणच वेगळं वाटू शकतं. तुम्ही वजा दाबता आणि टीसीएमला ते कळत नाही, किंवा भलतंच कळतं.

वायर, पिना आणि ओला गालिचा

स्विच चांगला निघाला तर सॉकेट पुन्हा जोडा, बॅटरी जोडा, चावी ऑन करा आणि स्विचच्या सिग्नल वायरवर व्होल्ट मोजा. बटण सोडलेलं असताना टीसीएम त्या वायरवर ५ किंवा १२ व्होल्ट ठेवतो. दाबलं की ते शून्याजवळ यायला हवेत. सोडलेलं असतानाही शून्य, तर वायर तुटली आहे, नाहीतर कुठेतरी बॉडीला लागली आहे. दाबल्यावर १२ चे ३ झाले आणि तिथेच थांबले, तर अर्थिंग कच्चं. अर्थिंगच्या पिनेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत, बटण दाबलेलं असताना, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको.

मोजताना मीटरची जाड सुई सॉकेटच्या तोंडात खुपसू नका. मादी पिनेच्या पाकळ्या फाकतात आणि नसलेला बिघाड तुम्ही स्वतः तयार करता. मागच्या बाजूने, वायरच्या रबराशेजारून, शिवणाची बारीक सुई सरकवा आणि मीटर तिला लावा. वायरचं आवरण टोचून मोजायचा मोह आवरा. गोव्यात त्या एका टोच्यातून वर्षभरात अख्खी वायर आतून हिरवी होते.

हिरवा किंवा पांढरा थर असलेली पिन अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करा. थर खोलवर खाल्लेला असेल तर पिन बदला, घासून उरलेली पातळ पिन फार दिवस टिकत नाही. साफ झाल्यावर सॉकेटच्या रबरी सीलला डायइलेक्ट्रिक, म्हणजे वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा हलका हात द्या. अर्थिंगचा बोल्ट काढून त्याखालचा पत्रा सँडपेपरने चकचकीत करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन.

सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे शेजारच्या सीटसमोरचा गालिचा. एसीची पाण्याची नळी पानं-मातीने तुंबली की पाणी बाहेर न जाता आत उतरतं. वरून गालिचा कोरडा दिसतो, खालचा फोम स्पंजासारखा भरलेला असतो आणि वायरिंगचे गठ्ठे त्यातूनच जातात. मुठीने दाबून बघा. ओल लागली तर नळी मोकळी करा, गालिचा उचलून दोन दिवस उन्हात टाका आणि मगच सॉकेटकडे वळा. तिथेच उंदराने कुरतडलेली वायरही सापडेल. नारळाच्या बागेत किंवा गवताच्या शेडमध्ये उभ्या राहणाऱ्या गाडीत ती हमखास बघावी. नंतर बसवलेल्या आर्मरेस्टचा स्क्रू थेट वायरिंगमधून गेलेला आढळतो, तोही तपासा.

पॅडल खोलायची असतील तर

पॅडलपर्यंत जायला बहुतेक गाड्यांत एअरबॅग काढावी लागते. बॅटरीची तार काढल्यावर कंपनीने सांगितलेला वेळ थांबा. तो गाडीप्रमाणे काही मिनिटांचा असतो. माहीत नसेल तर दहा मिनिटं तरी थांबाच. एअरबॅगच्या पिवळ्या सॉकेटला मल्टिमीटर लावायचा नाही, कुठल्याही कारणाने नाही. हात बसलेला नसेल तर हे काम जाणकाराकडे द्या.

क्लॉक स्प्रिंग बदलताना चाकं सरळ असायला हवीत आणि नवी स्प्रिंग मधोमध. तिला हलक्या हाताने एका टोकापर्यंत फिरवा आणि मग त्या मॉडेलसाठी सांगितलेले फेरे मोजून परत आणा. मध्य चुकला तर पहिल्याच पूर्ण वळणाला ती आतून तुटते. नव्या पार्टला नावं ठेवली जातात, दोष बसवण्याचा असतो.

लिव्हर, केबल आणि ‘पी’त अडकणं

लिव्हर ‘पी’तून निघत नसेल तर मागे जाऊन ब्रेकचा दिवा बघा. दिवा पेटत नसेल तर ब्रेक स्विच, त्याचा फ्यूज, एवढ्यात प्रकरण संपतं. ब्रेक दाबल्याची खबर नसल्यामुळे शिफ्ट लॉकचा सोलेनॉइड लिव्हर सोडत नाही. बऱ्याच गाड्यांत लिव्हरशेजारी छोटं झाकण असतं, आत चपटी वस्तू दाबून लिव्हर हाताने सोडवता येतो. हँडब्रेक ओढून मगच हे करा.

पणजीत आल्तिनोच्या चढावर लावलेली गाडी सकाळी ‘पी’तून ओढायला जड लागते, तो मात्र बिघाड नाही. हँडब्रेकआधी ‘पी’ टाकला की गाडीचं सगळं ओझं बॉक्समधल्या एका खिट्टीवर येतं. ब्रेक दाबून हँडब्रेक ओढा, ब्रेक क्षणभर सैल करून गाडी हँडब्रेकवर टेकू द्या आणि मग ‘पी’. रोज झटका देऊन लिव्हर ओढला की केबलच्या टोकाचं बुश जातं.

हे बुश म्हणजे केबलचं टोक बॉक्सच्या किंवा लिव्हरच्या खुंटीवर बसवणारी प्लास्टिकची वाटी. ती झिजली की लिव्हर लोंबकळतो, डॅशबोर्डवर ‘एन’ असताना गाडी पुढे सरकते, ‘डी’ आणि ‘एम’च्या सीमेवर आकडा येतो-जातो. ढिलाई जास्त झाली तर केबल निसटते आणि लिव्हर ‘पी’त असूनही गाडी घसरते. त्यामुळे ढिला लिव्हर हा पुढच्या सर्व्हिसपर्यंत थांबवायचा विषय नव्हे.

केबल जुळवताना लिव्हर आणि बॉक्सवरची खुंटी दोन्ही एकाच स्थितीत ठेवा, बहुतेक गाड्यांत ‘एन’मध्ये. ॲडजस्टरची नट सोडा, ताण आपोआप निघू द्या, मग आवळा. रेंज स्विच बॉक्सच्या अंगावर असतो, त्यावर ‘एन’ची खूण जुळवायची असते. तो खाली असेल तर साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यावर सॉकेट उघडून वाळवा. चाचणी सोपी आहे. इंजिन फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्ये सुरू व्हावं, ‘आर’मध्ये मागचा पांढरा दिवा लागावा. यातलं काही चुकलं तर टीसीएमला तुम्ही ‘डी’त आहात याचीच खात्री नाही. मग तो ‘एम’चा अर्ज कशाला ऐकेल?

आकडा बदलतो, गाडी बदलत नाही

इथे खरोखर बॉक्सकडे वळायचं. सपाट रिकाम्या रस्त्यावर वेग एकसारखा ठेवा, गाडी तिसऱ्यात, आरपीएमचा काटा समजा २६०० वर. चौथा मागा. वर सांगितलेल्या आयसिनच्या बॉक्समध्ये तिसऱ्याचं गुणोत्तर १.५५६ आणि चौथ्याचं १.१५५, म्हणजे काटा १९३० च्या आसपास उतरायला हवा. आकडा चार झाला आणि काटा जागचा हलला नाही, तर हुकूम गेला पण अंमल झाला नाही. सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी (बॉक्समधल्या तेलाच्या वाटांचा ठोकळा), तेल, क्लच या क्रमाने बघा. काटा उलट वर उडाला तर क्लच घसरतोय. गाडी चालवणं थांबवा. तेल हातावर घ्या. जळका वास आणि काळा रंग असेल तर मॅन्युअल मोडचा विषय मागे पडला.

एएमटीत आकड्याऐवजी कान लावा. मॅग्नेटी मारेलीच्या हायड्रॉलिक एएमटीत दार उघडताच किंवा चावी फिरवताच पंपाची घरघर ऐकू येते. ती सारखी सारखी सुरू होत राहिली तर दाब टिकत नाही. ॲक्च्युएटरच्या टाकीतलं तेल बघा. लिव्हरचा लाइव्ह डेटा बरोबर आणि गिअर मात्र अर्धवट पडतोय, तर क्लच झिजलाय किंवा त्याचं लर्निंग, म्हणजे क्लच कुठे पकडतो हे कॉम्प्युटरला शिकवणं, राहिलंय. क्लच किंवा ॲक्च्युएटर बदलल्यावर स्कॅनरने ते करावंच लागतं.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा, गाडी एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. मग थंड इंजिनावर एकदा आणि अर्धा तास चालवून गरम झाल्यावर एकदा, दोन्ही दिशांना सगळे गिअर फिरवून बघा. पावसातच बिघडणारी गाडी असेल तर उन्हातली चाचणी धरू नका. पहिल्या जोरदार सरीनंतर पुन्हा लाइव्ह डेटा लावा.

दुरुस्ती व्हायची आहे आणि घाट आजच उतरायचा आहे, अशी वेळ आली तर लिव्हरवर ‘एल’, ‘२’ किंवा ‘एस’ आहे का बघा. टॉर्क कन्व्हर्टरच्या गाडीत या जागा बहुधा रेंज स्विचमधून वाचल्या जातात, अधिक-वजाच्या स्विचमधून नव्हे, म्हणून त्या चालू असण्याची शक्यता बरीच. त्याही नसतील तर घाटाच्या माथ्यावरच वेग ४० च्या खाली आणा. ब्रेक सतत घासत ठेवू नका, ठाम दाबा आणि पूर्ण सोडा. ‘एन’ टाकायचा नाही. ब्रेकचा वास आला किंवा पेडल खोल जाऊ लागलं तर जिथे रुंद जागा मिळेल तिथे थांबून वीस-पंचवीस मिनिटं चाकं निवू द्या. गरम डिस्कवर पाणी ओतू नका.